सरकवलेल्या बांगड्या

मुलांनो, आज कॉफीत जायफळ किसलं आणि पन्नासएक वर्षांपूर्वीची घोडेगावातली एक सकाळ आठवली. त्या गल्लीत कॉफी पिणारी मी एकटीच होते.

तुमची आई तेव्हा पाच वर्षांची होती. तिला उजेड आणि अंधार एवढंच कळायचं. माझ्या बांगड्यांच्या आवाजामागे ती घरभर फिरायची. पण माझ्यावाचूनही तिला चालता यायला हवं होतं, म्हणून शेजारच्या सखूबाईंकडून विरजण आणायला मी तिला एकटीला पाठवलं.

"वैनी, पोरीला दिसत न्हाई. मी आनून दिलं असतं की," सखूबाई ओट्यावरून म्हणाल्या.

"तिलाच येऊ द्या," मी म्हणाले.

ती भिंतीला हात लावत निघाली. मी बांगड्या कोपराकडे घट्ट सरकवल्या आणि अनवाणी मागोमाग गेले. वाटेत म्हैस बांधलेली होती. तिचा ऊन श्वास लागताच पोर थांबली आणि वळसा घालून पुढे गेली. पुढे झालेला हात मी मागे घेतला.

वाटी छातीशी धरून परतताना ती माझ्यापाशी थांबली.

"आई, तू घरी जा ना. तुझ्या अंगाला कॉफीचा वास येतोय."

आता वाटतं, त्या सकाळी तिच्यापेक्षा मलाच घरी परतणं जड गेलं. पण मी गेले. थोड्या वेळाने ती आली. विरजण सांडलं नव्हतं.