धाब्यावरच्या दोन काचा

आयटीआयला वायरमनच्या वर्गात मी एकटीच मुलगी, पण सोल्डरिंगमध्ये माझा हात धरणारा कुणी नव्हता. त्यामुळे लग्नानंतर नागापूरच्या एमआयडीसीतल्या एका कारखान्यातून, सोमवारी हजर व्हा, असं बोलावणं आलं तेव्हा मला नवल वाटलं नाही. नवल वाटलं ते सासऱ्यांना. राहुरीकडच्या आमच्या वस्तीवर विजेचा खांब अजून पोचला नव्हता. घराच्या धाब्यावर, म्हणजे मातीच्या सपाट छपरावर, सोलरच्या दोन काचा, घरात एक बॅटरी आणि तिच्यावर एक ट्यूब, एवढाच उजेड. फाल्गुनातल्या गारपिटीनं त्या काचा फुटल्या होत्या. सासरे म्हणाले, नव्या बसवून दाखव. सगळ्यांची जेवणं होईपर्यंत ट्यूब टिकली तर जा, नाहीतर नोकरीचं नाव काढायचं नाही. नवऱ्याची ना नव्हती, पण वडिलांपुढं त्याच्या तोंडून शब्द फुटेल तर शपथ.

हात्तिच्या, एवढंच ना! नगरहून नव्या काचा गोधडीत गुंडाळून एसटीनं आणल्या. सकाळीच जुन्या उतरवल्या, नव्या दक्षिणेकडं तोंड करून कसल्या, वायरींची टोकं घासून लखलखीत केली. मीटर लावला, करंट झकास. गारपिटीपासून उपाशी असलेली बॅटरी आता पोटभर जेवेल म्हणत मी खुशाल कांदा काढायला रानात गेले.

संध्याकाळी ट्यूब लागली, आणि सासऱ्यांच्या ताटात दुसरी भाकरी पडायच्या आत विझली. ते चिमणी लावून जेवत राहिले. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. सासूबाईंनी समजूत घातली की या दिव्याला दर उन्हाळ्यात असाच दम लागतो. उन्हाळ्यात? ऊन सगळ्यात कडक तेव्हाच? मला काही ते पटेना. माझं काम चोख होतं, याबद्दल मला तसूभर शंका नव्हती.

दुसऱ्या दिवशी रानाच्या अर्ध्या वाटेवरून परत फिरले, शिडीनं धाब्यावर चढले आणि कपाळाला हात लावला. दोन्ही काचांवर धोतर ताणून बांधलेलं आणि त्यावर गोल गोल कुरडया. काच तापते, कोंबड्या तिथं येत नाहीत, मातीचा कण लागत नाही. सासूबाई दर उन्हाळ्यात तिथंच वाळवत होत्या आणि संध्याकाळी धोतरासकट खाली नेत होत्या. माझा हा तिथला पहिलाच उन्हाळा.

मी त्यांना वर बोलावून मीटर दाखवला. धोतर असलं की काटा आडवा, काढलं की झटकन वर. त्यांचा चेहरा उतरला. सासरे तापट; इतक्या उन्हाळ्यांचा अंधार आता सासूबाईंच्या माथी येणार होता. मला वाईट वाटलं. म्हटलं, वायर ढिली होती असं सांगेन. कुरडया आम्ही बाजेवर हलवल्या.

त्या रात्री जेवणं झाली, भांडी झाली, तरी ट्यूब जळतच होती. काल काय झालं होतं, असं सासऱ्यांनी विचारलं. वायर ढिली राहिली होती, मी म्हणाले.

"म्हंजी हात कच्चाच हाय," ते म्हणाले. "कारखान्यात असलं चालत न्हाई."

सासूबाईंना दिलेला शब्द मोडायचा नव्हता; मी मीटर पिशवीत ठेवायला वळले. तेवढ्यात चुलीपाशी बसलेल्या सासूबाई उठून ट्यूबखाली आल्या.

"वायर ढिली नव्हती. माज्या कुरडया हुत्या काचंवर. दर साली असायच्या. पोरीनं माज्यापायी कमीपना घेतला. सोमवारी तिला यष्टीत मीच बसवनार हाय."

सासऱ्यांनी एकदा ट्यूबकडं पाहिलं, एकदा बायकोकडं. आता आवाज चढणार म्हणून मी वाट बघत होते.

"कुरडया तर मीच मागून खात हुतो," ते एवढंच म्हणाले, आणि सोमवारी मला सोडायला दोघंही फाट्यावर आले.