एक दगड, दोन मास्तर आणि किसनमामाचं फडकं

आमच्या जिऑलॉजी विभागात होतं काय, तर दोन मास्तर, एक शिपाई आणि एक दगड! एवढ्याशा संसारात किस्से इतके कसे साचले, असं लोक विचारतात. अहो, वर्गात पोरं कमी असली की गप्पांना जागा भरपूर! परवा एका लग्नात आमचे जुने विद्यार्थी भेटले. एकानं एक काढला, दुसऱ्यानं दुसरा. मांडववाले खुर्च्या उचलायला आले तरी आमचं चालूच! म्हटलं, आता लिहूनच टाकते, नाहीतर ही कार्टी तिखटमीठ लावून सगळे किस्से माझ्याच नावावर खपवतील.

काळ नव्वदीतला. हिंगोलीला अजून जिल्ह्याची पाटी लागायची होती. विभागप्रमुख कावरखे सर, त्यांच्या हाताखाली मी, आणि आम्हा दोघांच्या डोक्यावर किसनमामा. हुद्द्यानं शिपाई, पण विभागाची चावी त्यांच्या कमरेला, म्हणजे मालक तेच!

सरांचा जीव एकाच विषयात. घड्या! कपड्यांच्या नव्हे, खडकांच्या. जमिनीतले थर दोन्हीकडून रेटले गेले की त्यांना घड्या पडतात. वर फुगलेली कमान ती अँटिक्लाइन, खाली गेलेला खोलगा ती सिंक्लाइन. तेल आणि गॅस हलके, ते वर सरकतात आणि कमानीच्या पोटात अडकून बसतात. खोलग्यात कोण थांबतंय? म्हणून घडी ओळखली तर तेल, नाहीतर हरी हरी!

आता गंमत बघा. आमच्या भागात जिकडं जाल तिकडं काळा दगड, आणि तोही चटई अंथरल्यासारखा सपाट. घडी दाखवायची तर पोरांना इस्त्रीवाल्याच्या दुकानात न्यावं लागलं असतं!

प्राचार्य दर जूनला म्हणायचे, "कावरखे, तुम्ही रिटायर झालात की हा विषय बंद. तेलाचं शिकून आमची पोरं काय करणार, डोक्याला लावणार?"

सरांचं उत्तर ठरलेलं. "एक लेकरू तेलाच्या कंपनीत लागू द्या सर, मग बोला."

त्या एका लेकरापायी सर दर वर्षी नव्या उमेदीनं घड्या शिकवायचे, आणि दर वर्षी पोरं बँकेत नाहीतर पोलिसात भरती व्हायची.

* * *

घडी दाखवायला कापड पाहिजे, म्हणून सरांनी मला घरून गोधडी आणायला लावली. मी सासूबाईंची आणली. न विचारता! वर्गात टेबलावर पसरली, दोन पोरं या बाजूनं, दोन त्या बाजूनं रेटायला लागली. "रेटा, अजून रेटा! हिमालय असाच झाला!" सर ओरडत होते.

तेवढ्यात दारात सासूबाई उभ्या. गोधडी शोधत थेट कॉलेजात! त्यांनी वर्गाकडं पाहिलं, गोधडीकडं पाहिलं, मग सरांना म्हणाल्या, "का हो गुरुजी, हिला घरी एका गोधडीची घडी नीट घालून ठुता येत न्हाई, अन् इथं तुमी हिच्याकडून काय शिकवून राहिले?"

सर गोरेमोरे झाले. मी तर टेबलाखाली जायचीच बाकी होते.

* * *

कनेरगाव नाक्याच्या एका ढाब्यावर आम्ही दर सहलीला जेवायला थांबायचो. एकदा दत्ताच्या ताटात टम्म फुगलेला फुलका पडला. हा दत्ता कळमनुरीचा, अंगानं दांडगा, जेवणात पहिला आणि हजेरीत शेवटचा. तो घास मोडणार, तोच सर ओरडले, "हात लावू नको!" दत्ता घाबरला. त्याला वाटलं, पाल पडली!

"हे बघा रे सगळ्यांनी! हा घुमट. आत काय आहे? गॅस! वरचा पापुद्रा गच्च म्हणून गॅस अडकलाय. आता दत्ता, ड्रिलिंग कर."

दत्तानं बोट घातलं. वाफेनं असं भाजलं की बिचारा पाण्याच्या जगाकडं पळाला. "याला म्हणतात ब्लोआउट!" सर खूश.

मग काय, पोरांना नादच लागला. फुगलेला फुलका आला की "सापडलं, सापडलं!" आणि चपटा आला की "कोरडी विहीर, वापस घ्या!" ढाबेवाल्यानं दोन-चार सहली हे सगळं सहन केलं. पुढच्या खेपेला आम्ही गाडीतून उतरतोय न उतरतोय, तर त्यानं आत आवाज दिला, "आले रे ते! एक डाळ, धा अँटिक्लाइन!"

* * *

एकदा सेनगावच्या बाजूला नव्यानं खोदलेली विहीर बघायला गेलो. सर दोरानं खाली उतरले, हातोडीनं टकटक करून वर आले. तोवर निम्मं गाव गोळा! विहिरीचे मालक एक जाडजूड आजोबा. त्यांनी सरांना बाजूला घेऊन हळूच विचारलं, "सायेब, खरं सांगा. पेट्रोल हाय का?"

सरांनी तिथंच बैठक मारली. धूळ गोळा करून कमान काढली, खोलगा काढला, तेल कुठं थांबतं, आपला दगड सपाट म्हणून इथं का थांबणार नाही, सगळं समजावलं. आजोबा प्रत्येक वाक्याला "बराबर, बराबर" करत होते. मला तर वाटलं, आमच्या पोरांपेक्षा यांना जास्त कळलं!

सगळं ऐकून झाल्यावर आजोबा गुडघ्यावर हात टेकून उठले. "बरं, पेट्रोल न्हाई तं न्हाई. रॉकेल तरी निघंल का?"

* * *

आता त्या दगडाचं सांगते. तो सरांनी तरुणपणी कुठल्याशा लांबच्या डोंगरातून पिशवीत घालून आणलेला. नारळाएवढा, अंगावर काळे-पांढरे पट्टे, आणि पट्ट्यांची कमान अशी सुरेख की बघत राहावं. विभागाची खरीखुरी घडी एवढी एकच. दारासमोरच्या टेबलावर तिची जागा.

आणि किसनमामाला धुळीचा भारी राग! दिसली धूळ की मारलं फडकं. दगड उचलायचा, टेबल पुसायचं, दगड ठेवायचा. ठेवताना वरचं खाली, खालचं वर, हा हिशोब कोण करतो? मामानं उलटा ठेवला की कमानीचा झाला खोलगा. सकाळी तेल असायचं, दुपारी गायब!

प्रॅक्टिकलच्या परीक्षेत तर कहर झाला. बाहेरगावचे परीक्षक आलेले. सकाळच्या बॅचनं लिहिलं, "अँटिक्लाइन, तेल मिळू शकेल." दुपारच्या बॅचनं लिहिलं, "सिंक्लाइन, तेल नाही." परीक्षक तापले. "कावरखे, दगड एक आणि उत्तरं दोन? एक बॅच सरसकट नापास करतो!"

सर हात जोडून म्हणाले, "दोन्ही बराबर आहेत सर. मधल्या सुट्टीत किसनमामांनी टेबल पुसलं."

परीक्षक आधी सरांकडं बघत राहिले, मग दगडाकडं, मग असे हसले की त्यांचा चहा सांडला. तो पुसायला परत मामा आले!

त्या दिवशी सरांनी पोरांना एक नियम घालून दिला. डोंगरातून सुटलेल्या दगडाची कमान बघून हुरळायचं नाही. डोंगरात असताना याची वरची बाजू कोणती होती, ते आधी विचारायचं. शिवाय दगडावर लाल ऑइलपेंटनं मोठा बाण काढला, "ही बाजू वर." सोमवारी आम्ही येऊन बघतो तर बाण नाही! दगड चकाचक!

"कोन्या पोट्ट्यानं रंग फासून ठुला होता सर," मामा कपाळाचा घाम पुसत म्हणाले. "रॉकेलनं घासून काढला. लई तकलीफ झाली!"

सरांनी पुन्हा बाण काढला नाही. पोरांनी मात्र नियम आपल्या भाषेत करून घेतला. दगड समोर आला की पहिला प्रश्न, "मामानं पुसलं का?"

* * *

शेवटी एकदाची लांबची सहल मंजूर झाली. राजस्थानातला डोंगर, खऱ्या घड्या! गाड्या बदलत, पुऱ्या-लोणचं खात आम्ही पोचलो. सकाळपासून उन्हात चालतोय, चालतोय. दुपारी दत्ता खाली बसला. "सर, घडी कुठंय?"

"अरे गाढवा, सकाळपासून तिच्यावरच चालून राहिलास!"

पोरांनी मागं वळून पाहिलं. अख्खा डोंगर कमानीसारखा वाकलेला! सर पुढं गेले, खडकावर हात ठेवला आणि तसेच उभे राहिले. डोळ्यांना धारा लागल्या होत्या. इतकी वर्षं गोधड्या आणि फुलके दाखवून शिकवलं त्या माणसानं! मलाही रडू आवरेना, खोटं कशाला बोलू.

दत्ता मात्र डोंगराकडं बघून म्हणाला, "सर, एवढा मोठा फुलका... भाजला कोनी असंल?"

* * *

दत्ताच्याच बॅचला वंदना होती. पुसेगावची. वडील रस्त्याच्या कामावर मुकादम, त्यामुळं खडीशी तिची ओळख पाळण्यापासून. बोलायची कमी, बघायची जास्त. आमच्याकडं बीएस्सी, मग बाहेर एमएस्सी केलं, आणि दोन हजार सालानंतर एके दिवशी दारात उभी. "सर, तेलाच्या कंपनीचा कॉल आलाय. दिल्लीला इंटरव्ह्यू."

सर त्याच वर्षी रिटायर होणार होते. प्राचार्यांनी विभागाची खोली कुणाला द्यायची तेही ठरवून टाकलं होतं. सरांचं ते एक लेकरू आता आलं तर आलं, नाहीतर कायमचं कुलूप. हे वंदनाला कुणी सांगायची गरज नव्हती.

सरांनी तालीम लावली. बोर्डात तीन माणसं असतात म्हणून मधल्या खुर्चीत सर, एकीकडं मी, दुसरीकडं किसनमामा. मामा टोपी सरळ करून असे ताठ बसले की मलाच त्यांची भीती वाटली. सरांनी प्रश्नांचा भडिमार केला, मी केला. वंदना अडखळत होती, इंग्रजी आठवत नव्हतं, शेवटी डोळे भरून आले.

"आता तिसरे सदस्य विचारतील," सर म्हणाले.

मामा खाकरले. "लेकरा, जेवलीस का?"

"व्हय मामा."

"खोटं बोलून राह्यली सर ही. नापास करा, अन् आधी डबा खाऊ घाला."

* * *

पुढं कितीतरी दिवस काही कळलं नाही. सर रोज पोस्टमनच्या वाटेला डोळे लावून बसायचे आणि मला सांगायचे, "मी काही वाट बघत नाही." मग एका सकाळी प्राचार्य स्वतः विभागात आले. कधी नव्हे ते हसत! "कावरखे, पोरगी लागली की हो तुमची! कंपनीचं पत्र घेऊन खाली माझ्याकडं आली होती. या जूनच्या जाहिरातीत जिऑलॉजी सगळ्यात वर टाका."

त्यांच्या मागं वंदना, हातात पेढ्यांचा पुडा. सर खुर्चीतून उठले, हात पुढं केला. ती त्यांच्याशेजारून सरळ पुढं गेली! खिडकीपाशी किसनमामा स्टुलावर उभे राहून जाळं काढत होते. पहिला पेढा तिनं त्यांच्या हातावर ठेवला आणि वाकून पाया पडली.

सरांचा चेहरा एवढासा झाला. मलाही राग आला. म्हटलं, "वंदना, अगं सर इथं आहेत. मामाला आधी काहून?"

"सांगते मॅडम." ती खाली बसली. "बाहेर बसलेली पोरं सांगत होती, आत गेलं की टेबलावर एक दगड असतो, सगळ्यांना तोच दाखवतात. मस्त कमान हाय, अँटिक्लाइन म्हणायचं, तेल मिळंल म्हणायचं, अन् सुटायचं. मी आत गेले. खरंच दगड होता. मधले साहेब म्हणाले, 'बताओ बेटी, ये क्या है? तेल मिलेगा?' सर, मी म्हणणारच होते. तोंडसुद्धा उघडलं होतं! पण हात आपोआप दगडाकडं गेला. उचलला, उलटा केला, कमानीचा खोलगा झाला. परत सुलटा केला. पाठ केलेलं इंग्रजी सगळं उडालं डोक्यातून. अन् काय बोलते हे कळायच्या आधी तोंडातून निघून गेलं, 'सर, आपके इधर टेबल कौन पोंछता है?'"

सरांनी चष्मा काढला आणि धोतराच्या सोग्यानं पुसत बसले, पुसत बसले.

किसनमामा स्टुलावरून खाली उतरले. पेढा अजून हातातच होता.

"मंग?" त्यांनी विचारलं. "कोन पुसतंय तिथं?"