तापाचा तक्ता

यांना रक्ताचा कॅन्सर झाल्यावर दवाखान्यातून आम्हाला एक तक्ता मिळाला. दिवसातून तीनदा ताप मोजून त्यात लिहायचा. शंभरच्या वर गेला तर घरी गोळी द्यायची नाही, तडक घेऊन यायचं, असं नर्सने मला दोनदा बजावलं. केमोमुळे अंगात जंतूंशी झगडायची ताकदच उरत नाही म्हणे.

हे खडकीच्या दारूगोळा कारखान्यात एकतीस वर्षं होते. साहेब तपासणीला यायच्या आत सगळं ठाकठीक दिसलं पाहिजे, ही सवय निवृत्तीनंतरही सुटली नाही. तिसऱ्या केमोच्या आधीच्या रविवारी यांना कणकण आली. ताप दिसला की केमो पुढे ढकलणार. म्हणून यांनी आधी तापाची गोळी घेतली आणि तासाभराने थर्मामीटर लावलं. माझ्यासमोर. मग म्हणाले, "लिही, अठ्ठ्याण्णव पॉइंट चार." माझं अक्षर चांगलं म्हणून तक्ता माझ्याकडे होता. मी लिहिलं. दोन दिवस तेच लिहीत राहिले. तक्ता इतका स्वच्छ, की कारखान्यात बक्षीस मिळालं असतं.

मंगळवारी सकाळी चहा घेताना यांनी मला विचारलं, आपण कुणाकडे आलोय? मान वाकत नव्हती. रिक्षातच आकडीचा झटका आला. दवाखान्यात तपासणीसाठी पाठीच्या मणक्यातून पाणी काढायचं होतं, पण प्लेटलेट इतक्या कमी की आधी त्या चढवाव्या लागल्या. जंतू मेंदूच्या आवरणापर्यंत पोचले होते. डॉक्टरांनी तक्ता पाहिला आणि ताप नक्की कधीपासून आहे ते विचारलं. मी खरं सांगितलं. त्यांनी तक्ता घडी करून फाइलमध्ये ठेवला. रागावले असते तर बरं वाटलं असतं.

हे वाचले, पण दोन्ही कान गेले. मशीनचाही उपयोग नाही. मला यांचा राग येतो, आणि त्याहून जास्त स्वतःचा.

आता घरात बोलायला पाटी आहे. परवा बोन मॅरोचा रिपोर्ट आला, त्यात कॅन्सर दिसला नाही. मी पाटीवर मोठ्या अक्षरात लिहिलं, रिपोर्ट चांगला आहे. यांनी पाटी हातात घेऊन ते वाचलं आणि माझ्या तोंडाकडे बघत विचारलं. आपला आवाज किती चढलाय हे यांना कळत नाही. शेजारीही ऐकू गेलं असेल.

"खरं लिहिलंयस ना?"

मी रिपोर्टच हातात दिला. तो छापील कागद शेवटपर्यंत वाचून झाल्यावर यांनी पाटी खाली ठेवली.