नानांचा पाय आणि माझी चोपड्याची मोहीम

देश स्वतंत्र होऊन आठ-दहा वर्षं झाली असतील. माझ्या धाकट्या बहिणीचा, सुशीचा, चोपड्याकडून निरोप आला. तिच्या सासऱ्यांच्या, म्हणजे नानांच्या, तळपायाला गाठ आली होती. गाठीला तोंडं पडून मोहरीसारखे काळे दाणे गळत होते आणि नाना डॉक्टरचं नाव काढू देत नव्हते. ‘दादा, तूच ये.’ मी जळगावात एका वकिलाकडे कारकून होतो. रोज त्यांची भाषणं ऐकून आपणही कुणालाही काहीही पटवू शकतो, असा माझा पक्का समज झाला होता. नवे करकरीत बूट चढवून मी जळगावशेजारच्या मेहरूणमधल्या घरून निघालो.

धरणगावपर्यंत आगगाडी, तिथून चोपड्याची मोटर आणि पुढे सातपुड्याच्या पायथ्यापर्यंत बैलगाडी. आता जाणार असाल तर निम्मे हाल वाचतील, पण हिवाळ्यातच जा. कपाशीच्या पऱ्हाट्यांवर भाजलेल्या वांग्यांचं भरीत आणि ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी यासाठी तेवढी धूळ खायला हरकत नाही. मी इतकी खाल्ली होती की दारात सुशीने आधी मला ओळखलंच नाही.

जेवण झाल्यावर मी भाषण सुरू केलं. नानांनी ते शांतपणे ऐकलं, मध्ये माझ्यासाठी पाणीही मागवलं.

“पाव्हना, तुमनं बठ्ठं खरं शे,” सगळं कबूल करत ते म्हणाले. “पन दुखस नही. दुखस नही, मंग डाक्टर कसाले?”

मी त्यांनी मागवलेलं पाणी पिऊन टाकलं.

सकाळी नानांबरोबर शेतावर गेलो. कुंपणाचं काम चाललं होतं. बाभळीच्या काटेरी फांद्या रचायच्या आणि अनवाणी पायाने दाबून बसवायच्या. काटा घुसला की दुसऱ्या काट्याने काढायचा, वर बिब्ब्याचा चटका द्यायचा आणि परत कामाला लागायचं. मी बूट घालून आत शिरणार, तोच नानांनी अडवलं.

“धरतीमायवर चामडं कोन ठेवस?”

आपणही मातीतलेच आहोत हे दाखवायची खुमखुमी आली. बूट बांधावर काढून मी ऐटीत निघालो आणि लगेच बाभळीचा काटा टाचेत गेला. मी अशी बोंब ठोकली की शेजारच्या शेतातली माणसं धावत आली. नानांनी मला पाठीवर घेऊन बांधावर आणलं. ज्या पायासाठी मी एवढा प्रवास केला होता, त्याच पायावर!

काटा निघाला, पण नानांची गाठ डोळ्यांपुढून हलेना. मलाही तशीच गाठ येणार, म्हणून मी खरंच घाबरलो होतो. घरी येताच, आत्ताच्या आत्ता जळगावला डॉक्टरकडे जातो म्हणालो. नानांनी धोतर बदललं.

“पाव्हनाले एकला कसा धाडानं? मी येस.”

सुनेचा भाऊ आपल्या शेतात जायबंदी झाला, तर त्याला घरी पोचवल्याशिवाय त्यांना अन्न गोड लागणार नव्हतं. सुशीने मला डोळ्यांनी खुणावलं. मी लगेच जास्त लंगडायला लागलो.

दवाखान्यात डॉक्टरांनी माझ्या टाचेला आयोडीन लावलं आणि “जा” म्हणाले. मग त्यांची नजर बाकाशेजारी अनवाणी उभ्या असलेल्या नानांच्या पायावर गेली. त्यांनी नानांना बसवलं, गाठ दाबून पाहिली. काट्याबरोबर माती आत जाते, मातीतली बुरशी आत वाढते, म्हणाले. दुखत नाही, म्हणून माणूस येत नाही, आणि येतो तेव्हा पाय कापावा लागतो.

नानांनी माझा हात घट्ट धरला. “पाय राही ना, डाक्टर?”

“हाडात फार शिरलेलं दिसत नाही. लगेच गाठ काढली तर राहील. बोटांचं सांगत नाही.”

 “मी इथेच थांबतो, नाना,” मी म्हणालो.

दोन बोटं गेली, पाय राहिला. बरे होईपर्यंत नाना मेहरूणला आमच्या घरी होते. भेटायला येईल त्याला सांगायचे, “पाव्हनाले काटा लागना व्हता, त्याले लई उनू मी.” मला दवाखान्यात त्यांनीच आणलं, यावर मी मान डोलवायचो.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सुशी माहेरी आली. डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे नाना शेतात चपला घालतात का, हे मी जरा फुशारकीनेच विचारलं.

“घालतात,” ती म्हणाली. “बांधावर थांबतात, वाकून मातीला हात लावतात, ‘माय, माफ कर’ म्हणतात आणि मग आत जातात. पहिल्या दिवशी तर दादा, रडले रे ते.”