बिडीवर फोडलेलं खापर

आधी संपतचं नाव घेतो. माझ्या आत्याचा मुलगा, माण तालुक्यातला. तो नसता तर मी आज उभाही नसतो, पळणं तर लांबच. पण त्याच्या बाबतीत मी जे केलं — ते बायकोलाही कधी सांगितलेलं नाही. तुम्हाला सांगतोय.

मी कवठे महांकाळकडचा. आठवीत शाळा सोडली आणि सोनं गाळायला मदुराईला गेलो. मागनं संपत आला. वीस वर्षं दोघं एकाच खोलीत — भट्टी, ॲसिड, पिवळा धूर. मग माझ्या खोकल्यातून रक्त पडलं. सांगलीत तपासलं, फुप्फुसाचा कॅन्सर निघाला. एक तुकडा काढला. आता मलकापुरात बहिणीकडे राहतो. डॉक्टर म्हणाले, बसून राहू नका. आधी चाला, मग झेपेल तसं पळा.

मला भीती वाटायची. दम लागला की वाटायचं — संपलं. तवा संपत मदुराईहून रोज पहाटे फोन करायचा. "फोन चालूच ठेव. त्या लाईटच्या डांबापतुर पळ. न्हाई जमलं तर मला शिव्या दे! भट्टीचं मी बगतो." एका डांबाचे दोन झाले, दोनाचे दहा. आता उसाच्या वजनकाट्यापर्यंत पळत जाऊन येतो.

कसं सांगू? डॉक्टर आणखी एक बोलले होते. हे त्या धुरानंही झालं असेल — तिथं बसणाऱ्या दुसऱ्यांनाही तपासून घ्या. ऐकायला मी एकटाच होतो. बाहेर येऊन संपतला फोन लावला आणि सांगितलं — बिडीनं झालंय. पोरवयात ओढलेल्या चार बिड्या!

तो हसला. "मग मी सुटलो की रं. मी कवा बिडीला हात लावलाय?"

का बोललो असं? तो काम सोडून उठला असता तर आमची दोघांची भट्टी विझली असती, आणि माझं औषध त्या भट्टीवर चालतं. भीतीनं चुकून तोंडातून गेलं, असं नाही. कळत होतं मला.

काल पळून आलो. धापा मी टाकत होतो — पण फोनमधनं खोकला येत होता, तो त्याचा. बराच वेळ. मग म्हणाला, "माझं ऱ्हाऊ दे गड्या, तू किती पळालास ते सांग."

मी तेवढंच सांगितलं.

गावच्या यात्रेला तो येणार आहे. यात्रा तीन महिन्यांवर, आणि भट्टी रोज पेटते. आला की त्याला सांगलीला नेईन, त्याच डॉक्टरांपुढं बसवीन, माझ्या तोंडानं सांगीन. आणि त्याच्यावर पळायची वेळ आलीच, तर प्रत्येक डांबापर्यंत मी त्याच्या सोबत पळेन.