उमरीच्या बर्फगाडीची खिडकी

खाजामियाँच्या घरी जाताना आपलं घड्याळ चपलांसोबत बाहेर काढून ठेवावं. आत कायम १९७८ साल असतं. तीन वर्षांपूर्वी त्यांच्या पत्नी सालेहाभाभी गेल्या, तेव्हापासून रिकाम्या पडलेल्या त्यांच्या लोखंडी पलंगावर खाजामियाँनी जुनं मुदखेड स्टेशन उभं केलंय. सायकलच्या तारांचे मीटरगेजचे रूळ, पत्र्याचे डबे, मालधक्का आणि धक्क्यावर माल घेऊन आलेले ट्रक. माप एका फुटाला दोन सूत, म्हणजे पाव इंच. त्यात केसाएवढाही फरक त्यांना चालत नाही.

मी दयानंद. त्याच स्टेशनात पार्सलबाबू म्हणून पस्तीस वर्षं काढली, त्यामुळे मला तिथलं काही कळतं असा माझा समज होता. एकदा त्यांच्या मुलीनं, सादियानं, हैदराबादहून खेळण्यातला ट्रक पाठवला. मी तो कौतुकानं धक्क्याला लावला. मियाँनी दोन बोटांनी उचलून माझ्या हातात ठेवला.

"हे तोंड नंतरचं हाय. धक्क्यावरच्या गाड्या चौसष्ट सालच्या, त्यांच्या नाकावर गोलातली चांदणी असायची. जे होतं तेच करायचं, नायतर करायचंच न्हाई."

भंगारात गेलेल्या ट्रकांवर इतका जीव टाकणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. जिवंत माणसं मात्र त्या घरी फारशी येत नाहीत. शुक्रवारी सादियाचा फोन आणि रोज चहाला मी, एवढाच काय तो राबता. मी उठायला लागलो की ते आणखी एक ट्रक दाखवायला काढतात. मला ते समजतं, म्हणून मी पुन्हा बसतो.

शेवटी एकच गाडी करायची राहिली होती, आणि तिच्यासाठीच हा सगळा खटाटोप होता. उमरीच्या बर्फ कारखान्याचा ट्रक. तरुणपणी मियाँ त्यावर ड्रायव्हर होते. उमरीत बर्फाच्या लाद्या लाकडाच्या भुशात भरायच्या आणि संध्याकाळच्या रेल्वेगाडीआधी मुदखेडला पोचवायच्या, कारण मासळीच्या पेट्या त्या बर्फासाठी खोळंबलेल्या असत. १९७८ साली त्यांचं लग्नही उमरीतच झालं. मालकानं सुट्टी दिली दोन दिवसांची आणि वर बजावलं, परतताना बर्फ घेऊन जा, नवरी बसेल केबिनमध्ये. म्हणजे भाभींची पाठवणी बर्फाबरोबर झाली.

भाभींचे अब्बा ट्रकमागं चालत गावाबाहेरच्या नाल्यापर्यंत आले होते. भाभी म्हणाल्या, "जरा थांबता का? अब्बांना एकदा बघते." मियाँ म्हणाले, "बर्फाचं पाणी होऊन राहिलं. गाडी चुकंल." आणि थांबले नाहीत. लग्नानंतरच्या पहिल्या शुक्रवारी जोडीनं माहेरी जायचा रिवाज. तो शुक्रवार उजाडायच्या आधीच अब्बा वारले.

मियाँना ते असं लागलं की महिनोन् महिने अन्न गोड लागेना. शेवटी भाभींनीच त्यांना जवळ बसवून समजावलं. म्हणाल्या, "केबिनला मागं खिडकी हाय ना? तिथून पाहिलं मी त्यांना, पार वळण येईस्तोवर. हात हलवून राहिले होते. माझं मन भरलं." त्या बोलण्यावर माणूस सेहेचाळीस वर्षं सुखानं झोपला. म्हणून ती खिडकी त्यांना सुतानंही चुकू द्यायची नव्हती. बाकी सगळा ट्रक तयार झाला, भुसासुद्धा भरून झाला. अडलं ते केबिनच्या पाठीशी. खिडकी केवढी होती आणि तिचे गज उभे होते की आडवे, तेच आठवेना.

"मग लातूरला जाऊ. बॉडी बांधणारा सिद्धलिंग सुतार तिथं लेकाकडं असतो," ते म्हणाले.

"दोन गजांसाठी लातूर?"

"तुला यायचं नसंल तर नको येऊ."

गेलो. एसटीत ते मांडीवर पुठ्ठ्याचं खोकं घेऊन बसले होते, आत तो ट्रक. लग्नाला निघाल्यासारखे कपडे केले होते, हे मी पाहिलं आणि चेष्टा गिळली.

सिद्धलिंग ऐंशीच्या पुढचे. गुडघे गेलेले, आठवण मात्र शाबूत. ट्रक हातात घेऊन त्यांनी फळ्यांचे सांधे डोळ्यांजवळ नेऊन पाहिले. "खाजा, तू सुतार व्हायला पाहिजे होतंस. खिडकी म्हणतोस? फूटभर रुंद, नऊ इंच उंच. उभे तीन गज. मीच कापली की."

मियाँनी माप लिहून घेतलं. चेहरा असा फुलला होता की बस्स. मग सवयीप्रमाणे विचारलं, "कवा कापली?" साल कळल्याशिवाय ते कुठलीही गोष्ट खरी मानत नाहीत. खोड, दुसरं काय.

"इसरलास का? तुझं लगीन झाल्यावर. तू नवरी घेऊन निघालास त्या दिशी मागून एक लादी रस्त्यावर घसरली, अन् केबिनात कुणाला पत्ता न्हाई. मालकानं लई झापलं तुला. मग तूच आलास माझ्याकडं, मागचं दिसत न्हाई, खिडकी काढून दे म्हणून. त्याच्या आधी तिथं सागाच्या फळ्या होत्या. बंद."

मियाँनी पेन्सिल खिशात ठेवली. चहा आला, तो त्यांनी घेतला नाही. सिद्धलिंगांना वाटलं आपण मालकाचं झापणं काढलं म्हणून राग आला, ते सारखे समजूत काढत राहिले. परतीच्या एसटीत नांदेड येईपर्यंत मियाँ एकच वाक्य बोलले, "लादीचं आठवलं मला."

दुसऱ्या दिवशी गेलो तर ते पलंगाशेजारी बसून सागाच्या पातळ पट्ट्या कापत होते.

"लावा हो खिडकी," मी म्हणालो. "तेव्हा ती नव्हती हे सांगायला इथं कोण येणारंय?"

वाटलं, खवळतील. खवळले असते तर बरं झालं असतं. त्यांनी शांतपणे एकेक पट्टी चिकटवली आणि केबिनची पाठ बंद केली.

"दयानंद, सेहेचाळीस वर्षं मी त्या खिडकीतून तिच्या बापाला हात हलवताना पाहून राहिलो. अन् ती बिचारी माझ्याशेजारी फळ्यांना पाठ लावून बसली होती. मी तिच्याकडं पाहिलंच न्हाई. माझं ध्यान बर्फात." त्यांनी बोटावरचा गोंद पुसला. "तिनं खोटं बोलून मला वाचवलं, अन् खिडकी मागाहूनची हे मी सोयीनं इसरलो. आता माफी मागायची तर मागू कुणाला?"

एरवी मी त्यांना शब्दाला शब्द देतो. त्या दिवशी मला रडू आलं, आणि त्यांना नाही आलं, म्हणून जास्तच वाईट वाटलं.

त्यांनी ट्रक उचलून मालधक्क्याला लावला, संध्याकाळची रेल्वे यायच्या आधी. १९७८ साली तो वेळेवर पोचला होता. त्यांनी तेही जसंच्या तसं केलं.