स्वच्छता मंत्र्यांचे हात

मुलांचा आजार तुम्ही मोठी माणसंच शाबासकी देऊन वाढवता आणि वर आम्हाला विचारता, "आमच्या पोरात तुम्हाला काय वाईट दिसलं?"

मी आणि माझ्या सीनियर सोनलताई पनवेलच्या आसपासच्या शाळांत फिरतो. नको असलेला विचार पुन्हा पुन्हा येतो का, एखादी गोष्ट केल्याशिवाय राहवतच नाही असं होतं का, हे मुलांना विचारायचं आणि ओसीडीची, म्हणजे मंत्रचळाची, शंका आली तर डॉक्टरांकडे पाठवायचं. काम एवढंच. संध्याकाळी चहाला बसलो की एकेक किस्सा निघतो. पहिल्या-दुसऱ्याला हसू येतं. पुढच्यांना येत नाही.

खांदा कॉलनीतल्या एका शाळेत आम्ही बजावलं होतं, प्रत्येक मुलाशी एकट्याने बोलायचंय. मुख्याध्यापिकांना वेळ वाचवायचा होता. त्यांनी प्रार्थनेनंतर माइकवरूनच विचारलं, "कोणाला नको ते विचार येतात? हात वर करा." एकही हात वर आला नाही. बाई आमच्याकडे वळल्या. "झालं ना काम? आमची मुलं क्लीन आहेत."

दुसऱ्या एका शाळेत शिक्षकांना या आजाराची माहिती दिली. एक बाई म्हणाल्या, मग मलाही आहे, मला चादरीवर सुरकुती चालत नाही. दुसऱ्यांनी विचारलं, "आमच्या ह्यांना लागण होईल असं काही करता येईल का?" स्टाफरूम हसून लोटपोट.

न्यू पनवेलमधला एक मुलगा रात्री उठून उठून दाराची कडी तपासतो. वडील खूश. म्हणाले, सोसायटीत चोऱ्या वाढल्यात, पण आम्ही निर्धास्त झोपतो. सोनलताईंनी विचारलं, "आणि तो कधी झोपतो?"

"ते कधी बघितलं नाही. आम्ही झोपलेलो असतो ना."

नेऱ्याकडच्या एका शाळेत मुलांचं मंत्रिमंडळ आहे. सरांनी आठवीतल्या सानिकाला कौतुकाने पुढे केलं. ही आमची स्वच्छता मंत्री, दिवसभर हात धुते, लहान मुलं हिचं बघून शिकतात. मंत्र्यांच्या बोटांची सालं निघाली होती. चिरांमधून रक्त दिसत होतं.

एकटी असताना ती हळूच म्हणाली, "नाय धुतलं तर माज्या भावाला कायतरी होईल. खोटं हाय, मला समजतं. पन थांबता येत नाय."

तिच्या आईला डॉक्टरपेक्षा गावाची भीती. पोरगी डोक्याच्या डॉक्टरकडे जाते हे कळलं तर उद्या लग्न कोण करणार? शेवटी तिने शेजारीपाजारी सांगितलं की पोरीची दाढ दुखते. आता उपचार चालू आहेत, आणि सानिका दिसली की अख्खी आळी तिला सांगते, चॉकलेट खाऊ नको.

डॉक्टरांनी सांगितलेला सराव ऐकायला सोपा आहे. हात एकदाच धुवायचे, नळ बंद करायचा आणि भीती उतरेपर्यंत तसंच थांबायचं. घरी तिला ते अधूनमधून जमू लागलं. शाळेत एकदाही नाही. सोनलताईंनी सरांना विनवलं, तिचं मंत्रिपद तेवढं काढा. सर दचकले. "अहो, स्वच्छतेच्या पाहणीला समिती येतेय. अशा वेळी मंत्रिमंडळात फेरबदल?"

समिती आली त्या दिवशी आम्हीही गेलो. पाहुणे नळाभोवती उभे राहिले. हात कसे धुवायचे हे सानिकाने करून दाखवायचं होतं. तिने साबण लावला, बोटांच्या बेचक्यांत चोळला, हात पाण्याखाली धरले. आणि नळ बंद केला.

ओले हात अंगापासून लांब धरून ती उभी राहिली. उजवा हात नळाकडे गेला, अर्ध्यावर थांबला, मागे आला. सोनलताईंनी माझं मनगट घट्ट धरलं. नळ बंदच होता.

समितीतल्या एका गृहस्थांनी मोबाइल खाली घेतला, स्क्रीनकडे पाहिलं आणि प्रेमाने म्हणाले, "बाळा, नळ सोड. परत एकदा धू, फोटो हलला."